मासनेचा सिंड्रेला-ऑपेरा ‘सांद्रियों’ : तिसरा अंक हवाच कशाला?

कोरडा_आंबा

स्पष्टच लिहितो, नंतर चपला खायची तयारी आहे. काचेच्या नसल्या म्हणजे झालं.

फ्रेंच संगीतकार ज्यूल मासनेचा ‘सांद्रियों’ पाहून संपवला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचं (‘मेट’) २०१८चं चित्रीकरण, दिग्दर्शक लोराँ पेली. गोष्ट आपली सिंड्रेलाचीच, शार्ल पेरोने १६९७ साली छापलेली. आँरी कँने तिची संहिता केली आणि २४ मे १८९९ला पॅरिसच्या ओपेरा-कोमिक नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला. चार अंक आहेत. पहिल्यात सावत्र आई आणि दोन बहिणींची नटण्याची धांदल, मग परी, चांदण्याचा झगा, काचेचे बूट. दुसऱ्यात दरबार, नाच, उदास राजपुत्र, बाराचे ठोके. इथपर्यंत एवढा रंगलो की समोरचा चहा गार झाला.

मग तिसरा अंक. आधी घरात भांडण. मग नायिका मरायला निघते. रानात जादूचा ओकवृक्ष, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो, मध्ये पऱ्यांनी उभी केलेली फुलांची भिंत. एकमेकांचा आवाज ऐकू येतो पण दिसत काही नाही. राजपुत्र स्वतःचं काळीज काढून झाडाला टांगतो आणि शेवटी दोघं चक्क झोपी जातात. पेरोच्या गोष्टीत यातलं काही नाही. तिथे बूट हरवतो, सापडतो, लग्न होतं, विषय संपला.

तर प्रश्न दोन. एक, हा अंक हवाच कशाला? दोन, राजपुत्राचं काम बाईला का दिलंय?

चहाबिस्कुट

काळीज झाडाला टांगतो? अहो, ही तर माकड आणि मगरीची गोष्ट! फ्रेंचांनी पंचतंत्र ढापलं.

वऱ्हाडी_ठेचा

@चहाबिस्कुट 😂 फरक एवढाच का आपलं माकड खोटं बोलत होतं, या पठ्ठ्यानं खरंच टांगलं.

रोनकाठची

आंबेकाका, प्रश्न बरोबर आहे, उत्तर मात्र मला अजिबात मान्य नाही. (इथे लियाँमध्ये राहून एवढं तरी भांडता आलंच पाहिजे.)

मासनेने या कृतीला नुसतं ‘ऑपेरा’ म्हटलेलं नाही, ‘परीकथा’ असं म्हटलंय. म्हणजे बूट कोणाच्या पायात बसतो हे रहस्य नव्हेच. ते १८९९च्या प्रेक्षकालाही ठाऊक होतं. लोक आले ते परीराज्य रंगमंचावर कसं उभं राहतं ते बघायला. काळही लक्षात घ्या. ओपेरा-कोमिकची जुनी इमारत १८८७च्या आगीत गेली. नवी, आजची ‘साल फावार’ (‘साल’ म्हणजे फ्रेंचमध्ये सभागृह), डिसेंबर १८९८मध्ये उघडली, तीही विजेच्या दिव्यांची. संचालक आल्बेर कारे तेव्हा नुकताच आलेला. नवं थिएटर, नवा संचालक आणि हाताशी बटणावर उजळणारं चांदणं! अशा वेळी रानातला रात्रीचा प्रवेश कोण सोडेल? पॅरिसच्या बास्तीय ऑपेरात २०२२ साली दिग्दर्शिका मारियाम क्लेमाँने हे नाटक बसवलं तेव्हा तिने वीज हीच कल्पना मध्यावर ठेवली होती, ते उगीच नाही.

नेपथ्यवाला

रोनताईंना अनुमोदन. आपल्याकडेही जुन्या कंपन्यांची नाटकं लोक ट्रिकसीनसाठी पुन्हा पुन्हा बघत. तिथे ‘कथानक थांबलं’ म्हणून कोणी पैसे परत मागितले नाहीत.

आंबासाहेब, एक मात्र सांगा. तुम्ही पाहिलेल्या प्रयोगात झाड होतं कुठे? पेलीने त्या प्रवेशात छपरं आणि धुराडी मांडली आहेत, पॅरिसच्या गच्च्यांसारखी. ओक फक्त गाण्याच्या शब्दांत. तुम्ही बहुधा खालची भाषांतराची पट्टीच वाचत बसलात.

तरी त्या नेपथ्याला सलाम. सगळ्या भिंती म्हणजे पेरोच्या गोष्टीची छापील पानं. दारं उघडतात ती मजकुरातून. बग्गी येते तीही ‘बग्गी’ या फ्रेंच शब्दाच्या अक्षरांची. दरबारातल्या विवाहोत्सुक पोरींचे कपडे सगळे लाल आणि एकेकीचा आकार असा की बसायचं म्हटलं तर पंचाईत. हे कपडेही पेलीचेच. मूळ निर्मिती २००६ची, अमेरिकेतल्या सांता फेची. तिथून लंडन वगैरे फिरत बारा वर्षांनी मेटला आली. गंमत म्हणजे मेटमध्ये हा ऑपेरा त्याआधी कधी झालाच नव्हता. पॅरिसनंतर ११९ वर्षांनी पहिला प्रयोग!

कोरडा_आंबा

@नेपथ्यवाला, पट्टी वाचणारच ना. मला फ्रेंचमध्ये ‘बाँजूर’च्या पुढे काही येत नाही. आणि धुराडी काय नि झाड काय, दोघं झोपतात ते झोपतातच.

@रोनकाठची, मुद्दा पटण्यासारखा आहे, पण तो त्या काळच्या प्रेक्षकापुरता. मी घरी बसून बघतोय. मला विजेचं कसलं अप्रूप? बिल तेवढं येतं.

सवाई_श्रोता

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, त्याला कोणी हात लावला नाही.

राजपुत्र बाईनेच गायचा हे मासनेचं स्वतःचं म्हणणं आहे. स्वरलिपीत त्याने भूमिकेपुढे आवाजाची जातही लिहिली आहे, ‘फाल्कन किंवा भावप्रधान सोप्रानो’. फाल्कन म्हणजे कॉर्नेली फाल्कन या एकोणिसाव्या शतकातल्या गायिकेच्या नावाने ओळखला जाणारा आवाज, खाली भरदार आणि वर चढतानाही धार न सोडणारा. बाईने पोरसवद्या पुरुषाचं काम करायचं ही युरोपात जुनीच रीत. मोत्सार्टच्या ऑपेरातला पोरगेला केरुबिनो घ्या. पुढे १९०५मध्ये मासनेने त्याच केरुबिनोवर ‘शेरुबाँ’ नावाचा वेगळा ऑपेरा लिहिला, तोही बाईच्याच आवाजासाठी.

पण नुसती रीत म्हणून सोडून देऊ नका. दुसऱ्या अंकातलं या दोघांचं युगलगीत पुन्हा ऐका, डोळे मिटून. दोन्ही आवाज एकाच पट्टीच्या आसपास फिरतात. एक वर जातो तेव्हा दुसरा खालून धरतो आणि मग कोण कुठला हेच कळेनासं होतं. मेटच्या प्रयोगात जॉयस डिडोनाटो आणि अॅलिस कूट, दोघी मेझो, म्हणजे मधल्या पट्टीतला बायकी आवाज. पुरुषाचा आवाज असता तर तो आपोआप खालच्या सप्तकात बसला असता आणि ही वेणी सुटली असती.

वऱ्हाडी_ठेचा

सवाईभाऊ, मले तर राजपुत्र म्हटलं का टेनरच पायजे. मिशा कुठंयत त्याच्या?

सवाई_श्रोता

मिळेल की. १९७८ साली ज्युलियस रुडेलने ध्वनिमुद्रण केलं, त्यात सांद्रियों फ्रेडेरिका फॉन श्टाडे आणि राजपुत्र निकोलाय गेडा. गेडा म्हणजे टेनरांतला राजामाणूस, उच्चार तर काय, एकेक अक्षर सुटं. गायलाय अप्रतिम. पण ऐकताना सारखं वाटतं की हा गृहस्थ वयाने मोठा आहे, अनुभवी आहे, या पोरीला सांभाळून घेईल. मासनेचा राजपुत्र तसा नाहीच. तो स्वतःच गोंधळलेलं पोर आहे. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला त्याला रिझवायला काचेची बासरी, व्हिओला दामूर आणि ल्यूट असा नाजूक मेळ वाजत असतो आणि हा मख्ख बसलेला. त्या जागी गेडाचा आवाज आला की वाटतं, याला कसलं नैराश्य, याला फार तर सुट्टी हवी आहे.

निवृत्त_मास्तर

चर्चा वाचून बरे वाटले. बाईने पुरुष होणे आपल्याला नवल का वाटावे? आपल्या रंगभूमीने बरोबर उलटे करून दाखवले. १९२१च्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये धैर्यधर केशवराव भोसले आणि भामिनी बालगंधर्व. प्रेक्षकांत बायका बसत आणि बालगंधर्वांची साडी कशी नेसली आहे ते टिपून घेत. कोणी विचारले नाही की हे गृहस्थ कशाला.

दुसरे. नायिकेची ओळख वस्तूवरून पटणे हेही आपल्या घरचे. १८८०मध्ये अण्णासाहेबांनी ‘शाकुंतल’ मराठीत गायला लावले, त्यात अंगठी हरवते आणि नायक विसरतो. इथे बूट हरवतो आणि नायक विसरत नाही. मला विचाराल तर दुष्यंतापेक्षा हा पोरगा बरा.

झिपरी

मास्तर, शेवटच्या वाक्याला शंभर गुण 🙏

पण मंडळी, तुम्ही सगळे राजपुत्राभोवतीच घुटमळताय. हा ऑपेरा राजपुत्राचा नाहीच. बापाचा आहे.

पेरोच्या गोष्टीत बाप कुठे आहे? जवळजवळ नाहीच. पोरगी त्याच्याकडे तक्रार करत नाही, कारण तो बायकोच्या मुठीत आहे आणि उलट हिलाच रागावेल. एवढ्यात त्याची बोळवण. लहानपणी मला सावत्र आईचा राग कधी आला नाही, तिचं कामच ते. राग यायचा या माणसाचा. घरात आहे, डोळ्यांनी बघतोय आणि गप्प.

मासने-कँने त्याला नाव दिलं, पांदोल्फ. पहिल्या अंकात तो एकटाच कुरकुरतो की शेतावरचं सुखाचं आयुष्य सोडून दोन पोरींची ही तालेवार बाई कशाला करून आणली. आपण हसतो, कारण बायकोचा आवाज आला की हा लगेच आवरायला पळतो. पण जाता जाता मुलीसाठी जीव तुटतो त्याचा. ल्युसेत म्हणतो तिला, तिचं खरं नाव. ‘राखेतली’ (‘सांद्रियों’चा अर्थच तो) असं म्हणत नाही.

आणि आता तो तिसरा अंक, जो आंबेकाका कात्रीने उडवायला निघालेत. सगळे नाचाहून परततात. सावत्र आई मादाम द ला आल्तिएर आपल्या खानदानाची यादी वाचते, पूर्वजांत कोण कोण होऊन गेलं त्याची. मग तिघी मिळून त्या ‘अनोळखी मुली’बद्दल नाही नाही ते बोलतात, राजपुत्राचंही मन उडालं म्हणतात. ल्युसेतचा चेहरा पडतो. बापाच्या ते लक्षात येतं आणि हा भित्रा माणूस, नाटकात पहिल्यांदाच, तिघींना खोलीबाहेर हाकलतो. मग दोघंच उरतात. तो म्हणतो, चल, हे शहर सोडू, आपल्या शेतावर जाऊ, पूर्वीसारखं रानात हिंडू. चाल इतकी साधी की अंगाई वाटावी. ती त्याच्या सुरात सूर मिसळते, हो म्हणते. आणि तो तयारीला वळताच ठरवते की याला आपलं दुःख बघायला लावायचं नाही, आपण एकटीनेच जाऊन मरायचं.

पूर्ण ऑपेरात मला रडू आलं ते इथे. बुटाच्या प्रवेशाला नाही.

रोनकाठची

झिपरी, काय लिहिलंस ग! पहिल्या प्रयोगात पांदोल्फ होता ल्युसियाँ फ्युजेर, ओपेरा-कोमिकचा अत्यंत लाडका गायक-नट. भूमिका त्या तोलाची असणारच. आणि गावगप्पांसाठी एक तुकडा: पहिली सांद्रियों ज्युलिया गिरोदाँ, तिने पुढे संहिताकार आँरी कँशीच लग्न केलं. राजपुत्र राहिला बाजूला, लेखकाने बाजी मारली.

चहाबिस्कुट

म्हणजे बूट लेखकाच्याच खिशात होता.

अर्धवट_ऑपेराप्रेमी

बापावरून आठवलं. रोसिनीच्या ‘ला चेनेरेंतोला’त (रोम, १८१७) तर सावत्र आईच नाही, सावत्र बाप आहे, डॉन मागनिफिको, आणि तो पक्का हरामखोर. परीही नाही. तिच्या जागी आलिदोरो नावाचा तत्त्वज्ञ, राजपुत्राचा गुरू. बूटही नाही, बांगडी! जादू सगळी वजा, उरलेलं निखळ प्रहसन, आणि गाणी अशी की जिभेला गाठ पडेल. मला विचाराल तर मासनेपेक्षा सरस. दोन तास मान वर करायला सवड मिळत नाही.

सवाई_श्रोता

तुलना कशाला? रोसिनी हसवायला बसलाय, मासने हळवं करायला. पण हसवणं मासनेलाही जमतं हो. दरबाराच्या नाचांत त्याने जुन्या राजेशाही काळच्या संगीताची नक्कल केली आहे, अगदी रिगोदाँ नावाच्या जुन्या नाचासकट, आणि नकलेत चिमूटभर टवाळीही आहे. सावत्र आईचा प्रवेश कानांनी कळतो, वाद्यवृंद लगेच छाती काढून चालायला लागतो. उलट परी आली की तार सप्तकातल्या ताना आणि कंप. ती बोलत नाहीच, नुसती लखलखते. आवाजावरून जग ओळखायचं.

रोनकाठची

आणि याच सिंड्रेलावर एक तिसरंही काम आहे, फ्रेंचच, ते कोणी विसरू नका. पोलीन व्हियार्दो, तिच्या काळची महान गायिका, जन्म १८२१. तिने ‘सांद्रियों’ लिहिला तो पॅरिसमध्ये १९०४ साली पुढे आला, वयाच्या ८२-८३व्या वर्षी! सात गायक आणि एक पियानो, बस. दिवाणखान्यात होईल असा. त्यात बाप पूर्वी किराणा दुकानदार होता आणि आता सरदार म्हणून मिरवतोय. शाळा-कॉलेजात बसवायला याच्याइतका सोयीचा नाही. मुंबई-पुण्यात पाश्चात्त्य गायन शिकणारी मुलं बरीच आहेत, कोणीतरी मनावर घ्या.

नेपथ्यवाला

सात माणसं आणि पियानो? दौऱ्याला एक टेम्पो पुरेल! मी ऐकतोय.

कोरडा_आंबा

चर्चा भलतीच रंगली, आभार. पण मूळ मुद्द्याला पुरावा हाती लागलाय. खुद्द मेटनेच डिसेंबर २०२१मध्ये हाच ऑपेरा इंग्रजीत आणि दीड तासाचा करून लावला, नाताळच्या सुट्टीत पोराबाळांसाठी. मूळ संगीतच सव्वादोन तासांच्या घरात. म्हणजे कात्री चालते! मेटने चालवली की संकलन, मी सुचवली की अरसिकपणा?

आणि @झिपरी, तुमचं वाचून तोडगा काढतो. बाप-लेकीचा प्रवेश राहू द्या. तो मीही परत पाहिला आणि त्यात हात घालणार नाही. फक्त झाड कापा.

चहाबिस्कुट

झाडे लावा, झाडे जगवा!!

झिपरी

मुलांसाठी कापलं तर माझी ना नाही, दीड तासाच्या वर माझा भाचा सिनेमालाही बसत नाही. पण मोठ्यांच्या प्रयोगात झाड कापून बघा, चौथा अंक लंगडा होतो. तिथे काय आहे? ल्युसेत ओढ्याकाठी सापडली, कित्येक महिने अंथरुणाला खिळली होती, आता वसंत आलाय. बाप सांगतो की तापात तू काय काय बरळायचीस, राजवाडा, राजपुत्र, झाड, काळीज. त्याला तो सगळा भ्रम वाटतो. आणि तीही विचारात पडते की खरंच स्वप्नच होतं की काय. आपण ते झाड पाहिलंच नसेल तर ‘बिचारी आजारी होती’ म्हणून मोकळे होतो. पाहिलेलं असलं, आणि तेही असं झोपेत विरघळलेलं, की आपल्यालाही सांगता येत नाही. मग बाहेरून दवंडी येते की राजपुत्र बूट घेऊन निघालाय, तेव्हा कुठे आपलाही जीव भांड्यात पडतो. ती झोप म्हणूनच आहे, काका. कंटाळ्यासाठी नाही.

सवाई_श्रोता

यावर मी काही बोलत नाही. चहा सांगतो.

निवृत्त_मास्तर

एक राहिले. अगदी शेवटी सावत्र आई “माझी लेक!” म्हणून गळ्यात पडते, त्यावर थिएटर हसते. आणि मग पांदोल्फच पुढे येऊन प्रेक्षकांना सांगतो की खेळ संपला, तुम्हाला निळ्या, सुंदर मुलखात उडवून न्यायची आम्ही पराकाष्ठा केली. हे आपले भरतवाक्यच झाले. आणि ते म्हणण्याचा मान राजपुत्राला नाही, परीला नाही, बापाला आहे. झिपरीबाईंचा मुद्दा संहिताकारालाही मान्य असावा.

कोरडा_आंबा

मास्तर, तुम्ही आलात की मुख्याध्यापकांच्या खोलीत उभं राहिल्यासारखं होतं. झाडाबद्दल माझं मत अजूनही पाचेक मिनिटं कापा असंच आहे, मुळासकट नको. छाटणी म्हणा.

अर्धवट_ऑपेराप्रेमी

काळ्या परीकथेची भूक असेल तर फ्रेंच संगीतकार पोल द्युकाचा ‘आरियान आणि निळदाढ्या’ घ्या, १९०७, हेच ओपेरा-कोमिक. आरियान बंद दारं उघडून निळदाढ्याच्या आधीच्या बायकांना सोडवते आणि त्या म्हणतात, आम्ही इथेच राहतो. संहिता मेटरलिंकची.

नेपथ्यवाला

त्याचा वेगळा धागा काढा, इथे नको. पण काढाच. सहा-सात दारं उघडायचं नेपथ्य म्हणजे माझ्या आवडीचा विषय.

वऱ्हाडी_ठेचा

तुमचं सारं वाचून शेवटी लावला बाप्पा. सावत्र माय आत्ताच आली, स्टेफनी ब्लाइद हाय म्हणे. काय ठसका हाय बाईचा! राजपुत्राची मिशी राहू द्या बाजूला, मी हिच्यासाठीच बसलो. बाकी मंग सांगतो.